नवरात्रात कोल्हापूरला निघालात? आधी तारीख बघा, मग छत्री

उमरोळी : गणपती गेले, पितृपक्ष लागला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास ऐकू येतो. शटलमध्ये, दळणाच्या गिरणीवर, बोईसरच्या कंपनीच्या बसमध्ये. "अंबाबाईला जायचंय, तिकडे आता पाऊस असतो का हो?" कुणाची कुलदेवी, कुणाचा नवस, कुणाला नुसतं एकदा डोळ्यांनी बघायचंय. उमरोळी, पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातून दक्षिण महाराष्ट्रातल्या या शहराकडे नवरात्रात जाणाऱ्यांची संख्या कमी नाही. आणि त्यातल्या निम्म्यांची बॅग चुकीची भरलेली असते. काहीजण जून महिन्यासारखा रेनकोट, गमबूट घेऊन जातात आणि उन्हाने भाजून येतात. काहीजण "आता कसला पाऊस" म्हणत सुती साडीवर निघतात आणि भवानी मंडपाजवळ संध्याकाळी चिंब भिजतात.

दोघांनाही दोष देता येत नाही. "नवरात्रात हवा कशी असते" हा प्रश्नच थोडा फसवा आहे, कारण नवरात्र काही एका तारखेला बांधलेलं नाही. 2025 मध्ये घटस्थापना 22 सप्टेंबरला होती. 2020 मध्ये अधिक आश्विन आला, म्हणून ती थेट 17 ऑक्टोबरला गेली. दोन्हींमध्ये पंचवीस दिवसांचं अंतर. पंचांगात दोन्हीकडे आश्विन शुद्ध प्रतिपदाच, पण आभाळात एक पावसाळ्यातला दिवस आणि दुसरा पावसाळा संपतानाचा. पावसाला तिथी कळत नाही, तो सूर्याच्या हिशेबाने चालतो. आपले जुने शेतकरी म्हणूनच पावसाचा हिशेब तिथीवर न करता सूर्याच्या नक्षत्रावर करतात : 13 सप्टेंबरच्या सुमारास उत्तरा, 27 च्या सुमारास हस्त, 10-11 ऑक्टोबरला चित्रा, 24 ला स्वाती.

यंदा, म्हणजे 2026 मध्ये, ज्येष्ठ अधिक येऊन गेला. त्यामुळे घटस्थापना 11 ऑक्टोबरला आहे आणि दसरा 20 ऑक्टोबरला. म्हणजे जवळपास सगळं नवरात्र चित्रा नक्षत्रात. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याला विचारून बॅग भरत असाल तर थांबा. त्याचं नवरात्र वेगळ्या हवेत झालं होतं.

पाऊस कधी निघतो?

हवामान खात्याने 2020 मध्ये मोसमी पावसाच्या येण्याजाण्याच्या सरासरी तारखा बदलल्या. राजस्थानच्या टोकातून परतीचा प्रवास सुरू होण्याची तारीख आधी 1 सप्टेंबर होती, ती आता 17 सप्टेंबर आहे. मुंबईतून पाऊस निघण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. आपल्याकडेही साधारण तोच सुमार धरायचा, एखाद-दोन दिवस इकडे तिकडे. सगळ्या देशातून मोसमी पाऊस निघायला 15 ऑक्टोबर उजाडतो. पाऊस उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत निघतो, म्हणून तो आधी आपल्याकडून जातो आणि कोल्हापुरातून थोडा उशिरा.

हे झालं सरासरीचं. प्रत्यक्षात 2020 मध्ये मुंबईतून पाऊस निघाला 28 ऑक्टोबरला. 2022 मध्ये 23 ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर. 2023 मध्ये मात्र 6 ऑक्टोबरलाच गेला. तेव्हा 8 ऑक्टोबर ही तारीख एसटीच्या वेळापत्रकासारखी धरायची : वेळ लिहिलेली असते, गाडी आली की आली म्हणायचं.

तिकडची हवा आणि आपली हवा

उमरोळीच्या माणसाला कोल्हापुरात उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे अंग चिकचिकत नाही. आपण समुद्राच्या कडेला, खाडी आणि मिठागरांच्या शेजारी राहतो. ऑक्टोबरमध्ये डहाणू-पालघर पट्ट्यात दुपारी 32-33 अंश आणि रात्रीही 23-24 च्या खाली उतरत नाही, वर हवेत दमटपणा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी हवा थंड होत जाते, असा ढोबळ हिशेब धरला तर नुसत्या उंचीमुळेच तीनेक अंशांचा फरक पडतो. ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे दुपारी 30-31 अंश आणि पहाटे 20-21. उन्हात चटका बसतो, पण सावलीत शिरलं की बरं वाटतं. आपल्याकडे सावलीतही घाम फुटतो, तसं नाही.

पहाटे पंचगंगेच्या घाटावर गेलात तर पाण्यावर पातळ धुकं दिसेल. आंघोळ करायची असेल तर म्हाताऱ्या माणसांना आधी टॉवेल आणि कोरडे कपडे हाताशी ठेवूनच पाण्यात उतरवा. आपल्या विहिरीच्या पाण्याची सवय असलेल्याला ते पाणी गार लागतं.

एकूण पाऊस कोल्हापूर शहरात आपल्यापेक्षा पुष्कळ कमी. पालघर तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने धरले तर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. कोल्हापूर शहरात वर्षाचा मिळून हजारच्या आसपास. सह्याद्री मधे उभा आहे ना. ढग गगनबावड्याला पाच हजारांच्या वर पाऊस टाकतात आणि पुढे कोल्हापूरला येईपर्यंत हलके होतात. पण यात एक गोम आहे. कोल्हापुरात ऑक्टोबर हा काही कोरडा महिना नव्हे. सप्टेंबर आणि ऑक्टोबर, दोन्हींचा पाऊस जवळपास सारखा, शंभर-सव्वाशे मिलिमीटरच्या घरात. आपल्याकडे सप्टेंबरनंतर पाऊस एकदम घसरतो, तिकडे तसा घसरत नाही.

आणि त्या पावसाची जातच वेगळी. आपला जुलैचा पाऊस समुद्रावरून येतो, दिवसरात्र धरून राहतो, गडगडाट फारसा नाही. परतीच्या काळात वारा फिरतो, पूर्वेकडून वाहू लागतो. सकाळी आभाळ निळंशार. दहा-अकरानंतर ऊन तापतं, जमिनीतली ओल वर जाते, दुपारी दोन-तीनला कापसाच्या ढिगासारखे ढग उभे राहतात, चारनंतर काळे होतात आणि मग विजांसह तासभर कोसळतो. रात्री पुन्हा चांदणं. सकाळी टीव्हीवर "हलका ते मध्यम पाऊस" ऐकून तुम्ही दिवसभर हॉटेलच्या खोलीत बसलात तर अर्धा दिवस फुकट गेला. आणि सकाळचं ऊन बघून रेनकोट खोलीवर ठेवलात तर संध्याकाळी पस्तावाल.

याच काळातल्या पावसाला आपल्याकडे आणि घाटावरही "हत्तीचा पाऊस" म्हणतात, हस्त नक्षत्रावरून. तिकडे मुली याच दिवसांत पाटावर हत्ती काढून हादगा खेळतात. त्या खेळाची वेळ आणि विजांची वेळ एकच असते, हे कोल्हापूरच्या आयांना चांगलं ठाऊक असतं.

कोणता कार्यक्रम कोणत्या वेळेला

दर्शनाला शक्यतो पहाटे किंवा सकाळी लवकर उभे राहा. हे सांगण्यामागे गर्दी हे एक कारण, हवा हे दुसरं. दुपारी फरशी तापते आणि पाय अनवाणी असतात. सत्तरी ओलांडलेल्या आजीला पातळ मोजे घालू द्या, देवी रागावणार नाही. रांगेत छत्रीचा उपयोग कमी आणि त्रास जास्त, पुढच्याच्या डोळ्यात तिच्या काड्या जातात. साधा प्लास्टिकचा घडीचा रेनकोट खिशात बसतो, तो बरा.

ललिता पंचमीला, म्हणजे पाचव्या दिवशी, अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, तिथे कोहळा फोडण्याचा विधी होतो. टेंबलाई म्हणतात त्याच टेकडीला. मोकळी जागा, वर आडोसा थोडा, गर्दी भरपूर. त्या दिवशी पाण्याची बाटली, डोक्याला टोपी किंवा पदर, आणि दुपार उलटली की उतरायची तयारी ठेवावी. अष्टमीला रात्री देवीची नगरप्रदक्षिणा असते. साधारणपणे तोवर सरी ओसरलेल्या असतात, पण रस्ते ओले आणि गार वारा असतो. लहान पोरांना पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला. दसऱ्याच्या दिवशी दसरा चौकात सूर्यास्ताला शमीपूजन आणि सोनं लुटणं. त्या दिवसांत कोल्हापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि चार ते सात ही नेमकी सरींची वेळ. त्यामुळे शाही दसरा बघायला जाणाऱ्याने भिजण्याची तयारी ठेवूनच जावं. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, पाकीटही.

जोतिबा आणि पन्हाळा या दोन्ही ठिकाणी शहरापेक्षा आणखी अडीच-तीन अंश कमी. दोन्ही साधारण साडेनऊशे मीटरच्या आसपास उंचीवर, शहरापासून वीस किलोमीटरच्या आत-बाहेर. पन्हाळ्यावर ऑक्टोबरमध्येही सकाळी धुकं उतरतं आणि तटबंदीवरून समोरचं काही दिसत नाही, तेव्हा फोटोची हौस असेल तर नऊनंतर जा. पण विजांचा विषय इथे गंभीर आहे. उघडा डोंगरमाथा, बुरूज, एकटं झाड ही वीज पडण्याची नेमकी ठिकाणं. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर समजा वीज जवळ आहे, सरळ पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावरही अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली तर बिलकूल नको. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं "दामिनी" नावाचं अॅप आहे, आपल्या जागेजवळ वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सांगतं. आपल्याकडे भात कापणाऱ्यांनीही ते मोबाईलमध्ये ठेवायला हरकत नाही.

एक गैरसमज जाता जाता काढून टाकू. बरेच जण नवरात्रात किरणोत्सव बघायला मिळेल म्हणून जातात. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडण्याचे दिवस 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. नवरात्रात नाही. आणि त्या दिवसांतही पश्चिमेला ढग आले की किरणं अडतात.

पुराची भीती

"कोल्हापूर" म्हटलं की 2019 आणि 2021 चे पूर आठवतात, महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेलेला टीव्हीवर सगळ्यांनी बघितला. ते पूर ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मधले. नवरात्रापर्यंत पंचगंगा सहसा पात्रात उतरलेली असते. तरी खात्री करायची असेल तर बातम्यांत "राजाराम बंधारा" हा शब्द शोधा. तिथली पातळी 39 फूट झाली की इशारा, 43 फूट झाली की धोका. नवरात्रात आकडा याच्या पुष्कळ खाली असेल तर निर्धास्त जा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली म्हणून लगेच तिकीट रद्द करू नका. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, त्यांची रचनाच तशी आहे.

खरी काळजी वाटेतली. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली. 14 ऑक्टोबर 2020 ला बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा थेट महाराष्ट्रावरून गेला आणि सोलापूर, पंढरपूर, पुणे, सांगली या बाजूला हाहाकार झाला. असा पट्टा येत असेल तर तो दोन-तीन दिवस आधी कळतो. बातमीत "बंगालच्या उपसागरात कमी दाब, पश्चिमेकडे सरकणार" असं वाक्य ऐकलं तर आपला मुक्काम दोन दिवस पुढे ढकला. नुसत्या दुपारच्या सरींसाठी बेत बदलायची गरज नाही.

हवामान खात्याच्या मुंबई केंद्राचा जिल्हावार अंदाज मराठीतही मिळतो. त्यात पालघर आणि कोल्हापूर दोन्ही असतात, पण कोल्हापूरच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिलेला असतो. घाटाचा ऑरेंज अलर्ट वाचून शहरात जाणारे घाबरतात. गगनबावडा किंवा आंबा घाटाकडे जाणार असाल तर तो तुमच्यासाठी, मंदिरात जाणार असाल तर शहराचा वाचा.

घरचं भात

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. नवरात्र आणि हळव्या भाताची कापणी आपल्याकडे एकमेकांच्या अंगावर येतात. आमच्या आळीतल्या एका काकांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. गुरुवारी मजूर मिळाले, हल्ली ते मिळणंच कठीण, बोईसरच्या कंपन्यांत रोज जास्त पडतो. मिळाले म्हणून काकांनी भात कापून घेतलं, वाळायला शेतात पसरवलं. शुक्रवारी रात्री सगळं कुटुंब कोल्हापूरच्या गाडीत. बॅगेत पाच रेनकोट, कारण तिकडे पाऊस असतो असं कुणीतरी सांगितलेलं. तिकडे तीन दिवस थेंब नाही. शनिवारी संध्याकाळी पाऊस झाला तो उमरोळीत, रविवारी पुन्हा. काका मंदिराच्या रांगेत कोरडे उभे आणि फोनवर मुलगी सांगतेय की कडपं पाण्यात तरंगतायत. परत आले तेव्हा दाण्यांना कोंब फुटले होते. पेंढाही काळा पडला, गुरांनी तोंड लावलं नाही.

काकांनी कोल्हापूरचा अंदाज बघितला होता, पालघरचा नव्हता. म्हणून सांगणं असं की निघताना दोन्ही जिल्ह्यांचा अंदाज बघा, आणि घरचा आधी. कापलेल्या भाताला वाळायला दोन-तीन कोरडे दिवस लागतात. तेवढे सलग कोरडे दिवस दिसत नसतील आणि घरी भारे बांधून खळ्यावर आणायला माणूस नसेल, तर मजूर दारात उभे असले तरी कापू नका. उभं भात एखाद्या सरीने लोळेल, थोडं नुकसान होईल. कापून पाण्यात पडलेलं हातातून जातं. पीक पूर्ण पिवळं होऊन दाणे गळायला लागले असतील तर उलट करा : कापा, भारे बांधा, घरी आणा आणि मग एक आठवडा उशिरा अंबाबाईला जा. कोजागरीच्या सुमारास तिकडे गर्दीही ओसरलेली असते आणि हवाही चांगली. आमच्या मते शेती असलेल्या घराने हाच बेत धरावा. नवरात्रात घट घरी बसवायचे आणि देवीला नंतर भेटायचं, यात काही बिघडत नाही. पण नवस नवरात्रातलाच असेल तर मग घरी एक धडधाकट माणूस आणि एक मोठी ताडपत्री ठेवून निघा.

यंदाच्या तारखा बघता 11 ते 20 ऑक्टोबरला आपल्याकडून पाऊस सरासरीने निघून गेलेला असेल आणि हळवं भात कापणीला आलेलं असेल, तर तिकडे दुपारच्या सरी चालू असतील. ही सरासरी झाली, अंदाज नव्हे. अंदाज निघायच्या आदल्या दिवशीचा बघायचा.

प्रवास आणि बॅग

उमरोळीहून डहाणू लोकल किंवा विरारकडची शटल, दादरला उतरून पूल ओलांडायचा आणि मध्य रेल्वेच्या बाजूला महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची. रात्रीची गाडी, सकाळी कोल्हापूर. दादरला घामाने निथळत चढता, खिडकी सताड उघडी ठेवता, आणि कर्जतच्या पुढे घाट चढला की गार वारा सुरू. लोणावळा ते सातारा या टप्प्यात झोपेत थंडी लागते, दर्शनाच्या दिवशी घसा बसतो. शाल बॅगेच्या तळाशी न ठेवता उशाशी ठेवा. दिवसा जायचं तर कोयना एक्सप्रेस आहे, हिरवागार सातारा बघायला मिळतो. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना रस्ता शोधावा लागत नाही : चिल्हार फाट्यावरून जाणारा महामार्ग 48 हाच पुढे पुणे, सातारा, कऱ्हाड करत कोल्हापूरवरून बंगळुरूकडे जातो. फक्त खंडाळा आणि खंबाटकी हे दोन्ही घाट संध्याकाळच्या पावसात चढू नयेत. पहाटे लवकर निघालात तर दोन्ही कोरडे मिळतात.

बॅगेत काय? सुती कपडे, जास्तीचा एक जोड, पातळ शाल किंवा स्वेटर, घडीचा रेनकोट, टोपी, चप्पल ठेवायला पिशवी. काठपदराची भारी साडी नेसून दर्शन घ्यायचं असेल तर सकाळी घ्या आणि दुपारी बदला. लिंबू-साखर-मीठ किंवा ओआरएसची दोन पाकिटं, रांगेत उपाशीपोटी चक्कर येणारे दरवर्षी दिसतात, त्यात नऊ दिवसांचे उपास करणारे जास्त.

काहीजण कोल्हापूर करून हरिप्रिया एक्सप्रेसने तसेच पुढे तिरुपतीला जातात. त्यांच्यासाठी एवढंच की तिकडे गणित उलटं होतं. आपल्याकडून पाऊस जातो तेव्हा तिकडे ईशान्य मोसमी पावसाची वेळ होते, साधारण 20 ऑक्टोबरपासून पुढे. यंदा दसराच 20 ला असल्याने कोल्हापुरातून कोरडा परतणारा रेनकोट घरी पाठवू नका, तिरुपतीला लागेल.

आणि परतताना सकाळी दादरला उतरलात की उमरोळीची गाडी मिळेपर्यंत घरी एक फोन करून विचारा, खळं कोरडं आहे का.